चिमटाकाकू आणि एक्केचाळीस नंबरची कुंडी

भात संशोधन केंद्रात त्यांचं खरं नाव हजेरीच्या वहीपुरतंच उरलं होतं. बाकी सगळ्यांना त्या चिमटाकाकू. लोक खिशाला पेन लावतात, तसा काकू बारीक टोकाचा पोलादी चिमटा लावायच्या. संध्याकाळी घरी जाताना तो काढून ठेवायचं त्यांच्या कधी लक्षात राहिलं नाही. त्यांचा नवरा घरीच शिवणकाम करायचा आणि मशीनच्या दातांत अडकलेला दोरा ओढायला तो चिमटा हक्कानं मागून घ्यायचा.

"अहो, सरकारी चिमटा आहे तो," काकू म्हणायच्या.

"दोरा खासगी आहे. चिमट्याला काय कळतंय?"

आता काकू निवृत्त झाल्यात. त्या एका उन्हाळ्याची गोष्ट कुणी काढली की पोट धरून हसतात, हसता हसता मधेच थांबतात, छातीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "सुटले गं बाई!" इतकी वर्षं झाली, तरी प्रत्येक वेळी नव्यानं सुटल्यासारख्या.

केंद्रात त्या तेविसाव्या वर्षी लागल्या, रोजंदारीवर, लावणी-निंदणीला. एकदा बांधावर बसून त्यांनी सोबतच्या बाईच्या तळव्यातला काटा डोक्यातल्या आकड्यानं काढला. काटा तुटला नाही, बाई ओरडली नाही. तिथून जाणारे म्हातारे शास्त्रज्ञ थबकले. त्यांचे स्वतःचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. "मुली, फुलातले केसर काढशील का?" त्यांनी विचारलं. काकूंना वाटलं, थट्टा करताहेत.

थट्टा नव्हती. भाताचं फूल म्हणजे दाण्याएवढं टरफल. सकाळी तासभर उघडतं आणि मिटतं, बघायला कुणी थांबत नाही. दोन जातींचा संकर करायचा तर आदल्या दिवशी दुपारी त्या टरफलाचं टोक कातरायचं, आतले सहाच्या सहा केसर चिमट्यानं उचलायचे, एकही फुटता कामा नये. मग लोंबीवर कागदाची पिशवी चढवायची आणि दुसऱ्या सकाळी दुसऱ्या जातीचे पराग तिच्यावर झटकायचे. शंभर फुलांत वीस-पंचवीस दाणे धरले तरी हात बरा म्हणायचे. काकूंच्या हाताला पन्नास धरायचे. म्हाताऱ्या शास्त्रज्ञांनी सहा महिन्यांत त्यांना शेतातून काचघरात आणलं, आणि तिथून त्या हलल्या नाहीत.

काचघरात काम होतं खाऱ्या पाण्यात तगणारं भात शोधायचं. हे काम काकूंना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या नऊ वर्षांच्या असताना एका उधाणाच्या भरतीला त्यांच्या गावाजवळचा बांध फुटला होता. समुद्राचं पाणी तीन दिवस शेतात बसलं. ओसरलं तेव्हा भात उभं होतं, हिरवंही होतं, आणि आई म्हणाली, वाचलं. आठवड्याभरात टोकं तांबूस झाली, पानं दोरीसारखी वळली, मग पांढरी पडली. पुढची तीन वर्षं त्या जमिनीत गवतसुद्धा धड आलं नाही. वडील शेती सोडून बंदरावर पहारेकरी झाले. चांगली नोकरी होती, कुणी उपाशी राहिलं नाही. पण सुट्टीच्या दिवशी ते उगाच त्या शेतात जाऊन उभे राहायचे, चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे आणि थुंकायचे. काकूंना ते थुंकणं कायम आठवायचं.

म्हातारे शास्त्रज्ञ गेले, त्यांच्या जागी डॉक्टरबाई आल्या. औषधाच्या डॉक्टर नव्हेत, भाताच्या. काकूंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला तुटक, पण मनानं सरळ. त्या दोघींनी मिळून जो संकर हाती घेतला, त्यात एका बाजूला होतं खाऱ्या किनाऱ्यावरचं जुनं उंच भात. ते मीठ सोसायचं, पण वारा सुटला की आडवं व्हायचं आणि दाणा धरायचं जेमतेम. दुसऱ्या बाजूला होतं बुटकं, भरघोस भात, जे मिठाचा वास आला तरी मान टाकायचं. एकाचं सोसणं दुसऱ्याच्या अंगात आणायचं. बोलायला एक वाक्य, करायला नऊ वर्षं. पिढ्यांमागून पिढ्या निवडत शेवटी साठ वाण उरले.

रोपांना गुण द्यायचं कामही काकूंचं. त्याची पद्धत ठरलेली. टवटवीत रोपाला एक, मेलेल्याला नऊ, मधे तीन, पाच, सात. जितके गुण कमी तितकं रोप चांगलं. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती, की घरी आमटी चाखून काकू "तीन" म्हणायच्या आणि नवरा बिचारा पास झालो की नापास, याचा हिशेब करत बसायचा. रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्याचं मीठ निम्म्यावर आणलं होतं. "बायको दिवसभर पोत्यांनी मीठ ओतते," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आणि मला चिमटीनं मोजून देते."

तर नवव्या वर्षी शेवटची परीक्षा होती. काचघरात सिमेंटच्या सहा टाक्या, प्रत्येक टाकीत साठच्या साठ वाणांची एकेक कुंडी, शिवाय तुलनेसाठी दोन्ही आईबाप. भात पोटरीत आलं, म्हणजे लोंबी अजून पोटातच आहे, की टाकीतल्या पाण्यात मीठ घालायचं आणि दाणा भरेपर्यंत तसंच ठेवायचं. मीठ मीटरवर मोजायचं, आकडा आठ ठेवायचा. आठ म्हणजे साध्या भाताचा जीव जावा इतकं. बाराच्या पुढे दाणा भरल्याचं त्या केंद्रात कुणी पाहिलं नव्हतं.

काकू रोज सकाळी मीटरची कांडी टाकीत बुडवायच्या. आठाच्या खाली असलं तर मीठ, वर असलं तर गोडं पाणी. आणि रोज सकाळी कुंड्या मरताना दिसायच्या.

पहिल्या आठवड्यात टोकं तांबूस झाली. दुसऱ्या आठवड्यात पानं वळली. तिसऱ्यात काकूंनी वहीत नवांची रांग लावली: नऊ, नऊ, नऊ, सात, नऊ. ज्या जुन्या किनारी भाताच्या जिवावर हे सगळं चाललं होतं, तेसुद्धा सातवर आलं.

"यालाही जमेना?" डॉक्टरबाई वाकून बघत होत्या. "बियाणं जुनं झालं असेल. नाहीतर उन्हाळा फार तापलाय."

"बाई, दोन नंबर जरा धरून आहेत. बारा आणि एक्केचाळीस."

"किती दिलेत?"

"बाराला सात. एक्केचाळीसला पाच."

डॉक्टरबाईंनी मान हलवली. आठच्या मिठात पाच म्हणजे नऊ वर्षांत त्या जिथून निघाल्या होत्या तिथेच. इतकं तर जुनं भात एरवी झोपेतही करायचं.

केंद्राचे मोठे साहेब एक दिवस येऊन बघून गेले. वाईट बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. "तुम्ही दोघींनी कसूर केली नाही," ते म्हणाले. "पण काही गोष्टी होत नाहीत. शुक्रवारी कुंड्या काढा. टाक्या टोमॅटोवाल्यांना हव्यात." साहेब गेल्यावर डॉक्टरबाई बराच वेळ नळ सोडून हात धूत राहिल्या. काकूंनी नळ बंद केला.

हे सोमवारी झालं. मंगळवारी सकाळी काकू भांडारात मिठाचं पोतं आणायला गेल्या. शुक्रवारपर्यंत काम तर नीट करायला हवं, मरणाऱ्याच्या तोंडातलं पाणी काढून घ्यायचं नाही, असा त्यांचा साधा विचार. भांडारपाल त्यांच्याच वयाचा, जिभेला हाड नसलेला माणूस.

"चिमटाकाकू, घरी लोणच्याचा कारखाना काढलाय का?"

"का हो?"

"दर वर्षी सहा पोती नेता. यंदाचं हे अकरावं. टाक्या त्याच, कुंड्या तेवढ्याच. मीठ जातंय कुठे?"

काकू हसल्या, पोतं हातगाडीवर चढवलं आणि निघाल्या. काचघराच्या दारापर्यंत आल्या आणि त्यांचे पाय जागच्या जागी थांबले. मीठ जातंय कुठे? मीठ उडून जात नाही. पाणी उडून जातं, मीठ खाली राहतं. अकरा पोती टाकली असतील तर अकरा पोती टाकीतच असणार.

त्या आत गेल्या. पहिल्या टाकीत कांडी बुडवली. आठ. मग त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. बोट पाण्यात बुडवून जिभेवर ठेवलं, आणि तोंड वाकडं झालं. डाळीत एकदा मीठ घातलंय हे विसरून कुणी पुन्हा तेवढंच घालावं, तशी ती चव होती.

काकूंनी मीटर उलटासुलटा केला. पुसला. पुन्हा बुडवला. आठ. मग त्यांची नजर फळीवरच्या बाटलीवर गेली.

मीटर बरोबर लावायला एक पाणी असतं. त्यातलं मीठ किती ते बाटलीवर छापलेलं असतं. मीटर त्यात बुडवायचा आणि त्याला सांगायचं, बाबा, हे इतकं आहे, हे धरून पुढचं मोज. काकू त्याला मापाचं पाणी म्हणायच्या. त्या बाटलीचं झाकण मागच्या हिवाळ्यात तडकलं होतं. काकूंनी त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून रबर लावलं होतं. नवीन बाटली मागवायची, असं चार वेळा मनात आलं आणि चार वेळा राहून गेलं. आता बाटली निम्मीसुद्धा नव्हती. वापरून एवढी संपली नव्हती, हे काकूंना पक्कं माहीत होतं. काचघराच्या उकाड्यात पाणी उडालं होतं आणि उरलेलं दाट झालं होतं.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एका हातात टाकीतल्या पाण्याची शिशी आणि दुसऱ्या हातात ती बाटली घेऊन त्या माती तपासणीच्या खोलीकडे जवळजवळ धावत गेल्या. तिथला तपासनीस तरुण, शांत, प्रत्येक गोष्ट तीनदा करणारा. त्यानं टाकीचं पाणी तीनदा मोजलं.

"पंधरा," तो म्हणाला. "थोडं कमी. चौदा पूर्णांक आठ."

"आणि हे?"

मापाच्या पाण्याची बाटली बघून त्यानं आधी झाकणाकडे पाहिलं, मग काकूंकडे. "छापलंय तेरा. निघतंय चोवीस." बाटली खाली ठेवून तो म्हणाला, "काकू, मीटर बिचारा शिकवाल ते बोलतो. याला तुम्ही चोवीसला तेरा म्हणायला शिकवलंत. मग तो पंधराला आठच म्हणणार."

खोलीबाहेर लाकडी बाक होतं. काकू त्यावर बसल्या. तीनशे साठ कुंड्या. नऊ वर्षं. एक तडकलेलं झाकण. त्यांच्या मनात एक गोष्ट आली आणि ती आल्याचं त्या आजही लपवत नाहीत. शुक्रवारी कुंड्या उपटल्या जाणार होत्या. टाक्या धुतल्या जाणार होत्या. नवी बाटली आणून ठेवली असती तर कुणाला काही कळलं नसतं. तपासनीस स्वतःहून कुठे बोलला नसता. नोकरीची शेवटची तीन वर्षं राहिली होती. माणूस म्हणून जे वाटायचं ते वाटून गेलं. पण डॉक्टरबाई नळाखाली हात धरून उभ्या होत्या, ते डोळ्यांपुढून जाईना. बियाणं जुनं झालं, असं त्या पोरीनं आयुष्यभर समजत राहायचं? काकू उठल्या.

डॉक्टरबाई खोलीत कागद खोक्यात भरत होत्या.

"बाई, मला बोलायचंय. आधी मी सगळं सांगते, मग तुम्ही काय हवं ते बोला."

आणि काकूंनी सांगितलं. झाकण, रबर, उकाडा, अकरा पोती, चोवीस, पंधरा. एक अक्षर मागे ठेवलं नाही. सांगून झालं आणि त्यांना चमत्कारिक वाटलं. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. पाठीवरचा भारा खाली टाकल्यावर खांदे आपोआप वर येतात, तसे त्यांचे खांदे वर आले. आता बोलणी बसतील, नोकरी जाईल, काय व्हायचं ते होईल. निदान जे आहे ते समोर होतं.

डॉक्टरबाई हातात कागद धरून तशाच उभ्या होत्या. "किती म्हणालात?"

"पंधरा. थोडं कमी."

"किती दिवस?"

"मीठ घालायला सुरुवात केली तेव्हापासून. बाटली तेव्हाच बिघडलेली असणार."

"म्हणजे तीसेक दिवस पंधरावर." बाई स्वतःशीच बोलत होत्या. मग त्यांनी मान वर केली. "काकू, त्या दिवशी एक्केचाळीसला पाच दिले होतेत ना?"

"हो."

"कुठल्या टाकीतल्या?"

"सगळ्याच. सहापैकी पाच टाक्यांत पाच. एकीत सात."

डॉक्टरबाईंनी कागद खोक्यात टाकले नाहीत, जमिनीवर टाकले, आणि पळत सुटल्या. काकू मागून. अंगणातला माळी हातातला पाइप तसाच धरून बघत राहिला आणि त्यानं स्वतःचे बूट भिजवून घेतले.

काचघरात बाई एक्केचाळीस नंबरच्या कुंडीपुढे गुडघे टेकून बसल्या. खालची पानं जळालेली होती, पण वरची दोन हिरवी होती, आणि त्यांच्यामधून लोंबी पूर्ण निसवून बाहेर आली होती. बाईंनी एक दाणा नखात धरून दाबला. पांढरा थेंब बाहेर आला. दुसरा दाबला, तोही भरत होता. तिसरा पोचट निघाला. चौथा भरलेला.

"काकू, चिमटा."

काकूंनी खिशातला चिमटा दिला. बाईंनी लोंबीतले दाणे एकेक उघडून पाहिले, मग पुढच्या टाकीत, मग त्याच्या पुढच्या. पाचव्या टाकीपाशी त्या तिथेच ओल्या फरशीवर बसल्या आणि हसायला लागल्या. "यातलं काहीही आठवर मेलेलं नाही. सगळं पंधरावर मेलंय. मरणारच होतं! आणि हे पंधरावर दाणे भरतंय. याच्या बापाला जमलं नाही ते याला जमलंय!"

"म्हणजे, बाई, वाईट झालं की बरं झालं?"

"मला विचारू नका, मला आत्ता काही कळत नाहीये," बाई म्हणाल्या आणि त्यांनी काकूंचे दोन्ही हात धरले. काकूंचा जीव भांड्यात पडला. जे रडू मघाशी आलं नव्हतं, ते आता आलं.

पण डॉक्टरबाई शेवटी शास्त्रज्ञ. डोळे पुसून झाल्याबरोबर त्यांनी तपासनिसाला मीटर घेऊन बोलावलं आणि प्रत्येक टाकीच्या चारही कोपऱ्यांतलं पाणी मोजायला लावलं. न जाणो, एक्केचाळीसच्या कुंड्या नेमक्या गोड्या पाण्याच्या नळाशी असतील. नव्हत्या. प्रत्येक टाकीत वेगळ्या जागी होत्या. पाणी सगळीकडे पंधराच्या आसपास.

मोठ्या साहेबांकडे दोघी गेल्या. काकूंनी पुन्हा सगळं सांगितलं. साहेबांचा आवाज चढला. "तीनशे साठ कुंड्या! एका झाकणापायी!"

"मीटर तपासल्याच्या कागदावर दर महिन्याला माझी सही आहे, साहेब," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी बाटलीकडे एकदाही पाहिलं नाही. नुसती सही केली."

काकूंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बाई पुढे बोलतच होत्या. साहेब खुर्ची मागे सारून उठले. "पंधरावर दाणा भरलाय म्हणता? दाखवा."

त्यांनी दाणा पाहिला, दाताखाली धरून पाहिला, पुन्हा पाहिला. दारातून बाहेर पडताना म्हणाले, "टोमॅटोवाल्यांना सांगा, एक हंगाम थांबा म्हणावं. आणि काकू, तुम्हाला लेखी समज मिळेल. ती टळणार नाही."

"मिळू दे, साहेब," काकू म्हणाल्या, इतक्या मनापासून, की साहेबांनाच अवघडल्यासारखं झालं.

त्या संध्याकाळी नवरा कुणाचा तरी झगा उसवत बसला होता. काकूंनी चप्पल काढली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. तो उसवायचं थांबला.

"म्हणजे तुझ्या हातून दुप्पट मीठ पडलं."

"हो."

"आणि सगळे म्हणतात, बरं झालं?"

"सगळे नाही. पण म्हणतात."

"लग्नाला तीस वर्षं झाली," तो म्हणाला, "आमटी खारट झाली तेव्हा हे कुणीच कसं म्हटलं नाही?" आणि मग, सुई कापडात खोचून ठेवत, "तू जाऊन सांगितलंस, ते छान केलंस हो." काकूंना त्या दिवशी मिळालेल्या सगळ्या शब्दांत हे शब्द जास्त मोलाचे वाटले. जेवून त्या ज्या झोपल्या, त्या सकाळी कुकरच्या शिटीनं उठल्या. कुकर नवऱ्यानं लावला होता.

लेखी समज आठवड्यानं आली. काकूंनी ती वाचली, सही केली आणि घरी कपाटात लग्नाच्या फोटोशेजारी ठेवली.

पुढचा हंगाम दोघींनी डोळ्यांत तेल घालून काढला. मापाचं पाणी आता छोट्या बंद पुड्यांतून यायचं, एकदा फोडली की त्याच दिवशी संपवायची. मीटर एकाचे दोन झाले, आणि दोघांचं पटलं नाही तर तपासनिसाचा तिसरा. तीन टाक्या खरोखरच्या आठवर ठेवल्या, तीन पंधरावर. काकू रोज सकाळी मीटर बुडवायच्या आणि मग हळूच बोटही बुडवायच्या. डॉक्टरबाईंनी ते पाहिलं. काही दिवसांनी त्याही बोट बुडवायला लागल्या.

आठच्या टाक्यांत तिसऱ्या आठवड्यात जे दिसलं, ते काकूंनी नऊ वर्षांत पाहिलं नव्हतं. साठांपैकी अकरा वाण असे उभे होते, जणू मीठ शेजारच्या टाकीत पडलंय. जुन्या किनारी भाताला काकूंनी तीन दिले. ते बिचारं म्हातारंही नव्हतं आणि त्याचं बियाणंही जुनं नव्हतं. पंधराच्या टाक्यांत पुन्हा हाहाकार झाला, आणि त्या हाहाकारात पुन्हा तीच दोघं धरून राहिली. बारा नंबरनं निम्मे दाणे भरले. एक्केचाळीसनं शंभरात सत्तर.

मोजणी काकूंनी केली. तीनदा केली, तपासनिसासारखी. मग वही डॉक्टरबाईंपुढे ठेवली. बाईंनी आकड्यावर बोट ठेवलं आणि एक लांब श्वास सोडला, पोतं उतरवल्यावर हमाल सोडतो तसा. "चला," त्या म्हणाल्या, "चहा घेऊ." एवढंच. पण त्या दिवशीच्या चहाला भांडारपालही होता, आणि त्यानं कपात साखर ढवळत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "यंदा मीठ किती नेलंत, काकू?"

"साडेआठ पोती. हवं तर येऊन चाखून बघा."

पुढच्या दोन हंगामांत एक्केचाळीस नंबर किनाऱ्याजवळच्या सात शेतांत लावून पाहिला. गोष्टीत जसं होतं तसं सातही शेतांत झालं नाही. एकात कीड लागली. एकात पाणी इतके दिवस तुंबलं, की भात मिठानं नाही, बुडून गेलं. पाच शेतांत मात्र ते आलं, आणि त्यातल्या एका शेताच्या मालकिणीनं केंद्रात फोन करून काकूंशीच बोलायचंय म्हणून सांगितलं. ही बाई चाळिशीची, आवाजानं खणखणीत. बियाणं द्यायला काकू गेल्या तेव्हापासून त्यांना ओळखत होती.

"काकू, भरतीचं पाणी बांधावरून आलं. दोन दिवस होतं."

काकूंनी फोन कानाला घट्ट धरला. "मग?"

"मग काय? शेजारचं सगळं लाल झालंय. माझं निसवलंय. या आणि बघून जा, नाहीतर म्हणाल, मी बढाया मारते."

काकूंच्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने होते. डॉक्टरबाई बैठकीत अडकल्या होत्या, म्हणून त्या एकट्याच बसनं गेल्या. शेत रस्त्यापासून दहा मिनिटं चालल्यावर होतं. डावीकडचा तुकडा विटकरी, वळलेला. उजवीकडचा पांढुरका. मधे त्या बाईचं भात, टोकांना जरासं पिवळं, बाकी हिरवं, आणि लोंब्या वजनानं वाकलेल्या. काकूंनी चपला काढल्या आणि चिखलात उतरल्या. वाकून एक दाणा दाबला, मग दुसरा. मग उगाच दहा-बारा दाबले, कारण थांबावंसं वाटेना.

"सगळे फोडू नका," मालकीण बांधावरून ओरडली. "मला खायचेत!"

दुपारी दोघी बांधावर पाय सोडून बसल्या. मालकिणीनं मागच्या हंगामाचा भात शिजवून डब्यात आणला होता, सोबत भाजी. दाणा जाड होता, जरासा चिकट.

"सूनबाई कुरकुरते," मालकीण म्हणाली. "म्हणते, शिजायला वेळ लागतो. मी म्हटलं, आधी तीन वर्षं इथे काहीच शिजत नव्हतं, तेव्हा वेळ वाचत होता का?"

काकू हसल्या. घास चावत चावत त्यांनी वाकलेल्या लोंब्यांकडे पाहिलं. "दाणा बारीक करायचं काम बाईंना सांगते," त्या म्हणाल्या. "बारीक दाण्याच्या भाताशी संकर करावा लागेल. पाच-सहा वर्षं तरी लागतील."

"तुम्ही कराल ना?"

"मी दोन महिन्यांनी घरी. नवी मुलगी आलीये, हात चांगला आहे तिचा. मी शिकवलंय." काकूंनी डब्यातला शेवटचा घास उचलला. "आणखी थोडा वाढा हो. जाड असला तरी गोड आहे."

मालकिणीनं वाढला. शेतावरून वारा आला, लोंब्या हलल्या आणि पुन्हा स्थिर झाल्या, एकही आडवी झाली नाही. परतीच्या बसला अजून तासभर होता. काकूंना कुठेच जायची घाई नव्हती. त्या दुसऱ्यांदा वाढलेला भात सावकाश, दाणा दाणा चावत खात राहिल्या.